आवाज हेच भांडवल : घरच्या स्टुडिओत काम करणाऱ्यांसाठी

खांदा कॉलनीतील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, ‘माझा आवाज चांगला आहे असे सगळे म्हणतात. घरातल्या लहान खोलीत माईक आणि संगणक लावून व्हॉइस ओव्हरचे काम सुरू केले आहे. पुढे हाच व्यवसाय करावा असा विचार आहे. पण मोठे काम केले की दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. हे काम मला झेपेल का?’ अशी विचारणा हल्ली दवाखान्यातही होऊ लागली आहे. म्हणून या आठवड्यात आवाजावर पोट असणाऱ्यांनी घरी काम करताना काय काळजी घ्यावी, ते पाहू.

पडद्यामागून बोलण्याचा हा व्यवसाय आपल्याकडे नवा नाही. मुंबईत नभोवाणीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि दूरदर्शनचे २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाजलेल्या गीतमालेचे निवेदक अमीन सयानी (१९३२-२०२४) यांचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि टेप सिलोनला जाई. दूरदर्शनचे वृत्तनिवेदक प्रदीप भिडे (निधन २०२२) यांचा आवाज तर बातम्यांइतकाच माहितीपटांतून आणि जाहिरातींतूनही घरोघरी पोचला. या मंडळींच्या काळी ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत जावे लागे. पनवेलच्या माणसाला हे काम करायचे तर लोकल पकडून मुंबई गाठण्यावाचून इलाज नव्हता.

२०२० च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद झाले आणि कलाकारांनी कपड्यांच्या कपाटात, गोधडीच्या आडोशाने ध्वनिमुद्रण सुरू केले. आता जाहिराती, श्राव्य पुस्तके, शाळा-कॉलेजांचे धडे, कंपन्यांचे फोनवरचे निरोप, डबिंग अशी कितीतरी कामे घरबसल्या होतात. पनवेल, कळंबोली, कामोठे येथील तरुण मुले-मुली, गृहिणी आणि निवृत्त शिक्षकही या कामाकडे वळत आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र घरी येताना या व्यवसायातली एक सोय मागे राहून गेली, ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्टुडिओत तासावर भाडे पडते. वेळ संपली की उठावे लागते. काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक आवाज थकल्याचे आपल्या आधी ओळखतो आणि थांबवतो. जाण्यायेण्यात दोन-तीन तास जातात, तेवढा वेळ गळा गप्प राहतो. घरच्या स्टुडिओत माईक असतो, संगणक असतो, फक्त ‘आता पुरे’ म्हणणारे कोणी नसते. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. काम झेपेल का, याचे उत्तर ‘हो’ असेच आहे. पण थांबण्याचे नियम आपले आपण घालून घेतले तर.

स्वरतंतूंचा हिशेब

गळ्याच्या पुढच्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो, तेथे आत स्वरयंत्र असते. त्यात दोन स्वरतंतू असतात. नाव तंतू असले तरी प्रत्यक्षात त्या मऊ, ओलसर आवरणाच्या घड्या आहेत. त्यांची लांबी पुरुषांत साधारण दोन सेंटिमीटर आणि स्त्रियांत दीड सेंटिमीटर. फुफ्फुसातून हवा वर आली की हे तंतू जवळ येऊन थरथरतात व त्यातून आवाज निघतो. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आदळतात, तर स्त्रियांचे दोनशेच्या आसपास.

आता हिशेब करा. एखादी स्त्री तासभर वाचत आहे. श्वास, विराम आणि घोष नसलेली व्यंजने सोडून निम्मा वेळच स्वरतंतू थरथरले असे धरले, तरी १,८०० सेकंद गुणिले २०० म्हणजे तासाला ३ लाख ६० हजार वेळा ते एकमेकांवर आदळले. निरोगी गळा हे सहज सोसतो. पण मधे विश्रांती नसेल, आवाज दाबून किंवा ओढून काढला असेल, तर स्वरतंतू सुजतात. सूज उतरण्याआधी पुन्हा काम केले, की कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला जसे घट्टे पडतात तसे स्वरतंतूंवर पडू लागतात. त्यांनाच डॉक्टर नोड्यूल म्हणतात. मग तंतू नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो.

एक बोलके उदाहरण

सत्तावीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. संध्याकाळी ती मुलांच्या शिकवण्या घेते. तिला एका कादंबरीचे श्राव्य पुस्तक करण्याचे काम मिळाले होते. तयार ध्वनिमुद्रण नऊ तासांचे आणि मुदत बारा दिवसांची. तयार एका तासासाठी चुका, पुनरावृत्ती धरून माईकसमोर दोन-तीन तास सहज जातात. रस्त्यावरची वाहने आणि गाडीचे भोंगे कमी झाले, की रात्री अकरानंतर ती वाचायला बसे.

पाचव्या दिवशी आवाज जड झाला. काम देणाऱ्याला तो ‘भारदस्त’ वाटला, म्हणून तिला उलट हुरूप आला. पुढे आवाज फाटू लागला. तिने औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या, मिंटच्या गोळ्या चघळल्या आणि दिवसभर घरात कुजबुजत बोलून ‘आवाजाला विश्रांती’ दिली. शिकवण्या चालूच होत्या. पाच आठवड्यांनी ती आली तेव्हा साधे वाक्यही पूर्ण होत नव्हते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले, तर दोन्ही स्वरतंतूंवर नोड्यूल. शस्त्रक्रिया लागली नाही. दोन महिने वाचा-उपचार घेतल्यावर आवाज परतला. पुस्तक मात्र दुसऱ्या कोणाकडे गेले.

या उदाहरणातून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, अचानक आवाज बसण्याचे कारण बहुधा विषाणूंचा संसर्ग किंवा आवाजाचा अतिवापर असते. या दोन्हींवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. दुसरी, कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्रावर अनेकदा जास्तच ताण येतो. बोलणे भाग असेल तर हळू, साध्या आवाजात थोडके बोलावे. नाहीतर गप्प बसावे. तिसरी, गळ्याला शिकवणीचे बोलणे आणि माईकचे बोलणे वेगळे कळत नाही. दिवसभराचे सगळे बोलणे एकाच खात्यातून वजा होते. चौथी, पाच आठवडे थांबायला नको होते.

खोली कशी असावी

घरच्या स्टुडिओत बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, वातानुकूलन यंत्रही बंद असते. पनवेलच्या मे महिन्यात अशा खोलीत अर्ध्या तासात माणूस घामाघूम होतो, डोके जड होते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडून दहा मिनिटे बाहेर यावे. खोलीत वारा खेळू द्यावा. तेवढीच गळ्यालाही विश्रांती मिळते.

आवाज घुमू नये म्हणून गोधड्या, जुन्या चादरी टांगणे हा स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे. पण आपल्याकडचा पावसाळा चार महिने सगळे ओले ठेवतो. भिंतीला आणि कापडाला बुरशी धरते, धूळ साचते. बंद खोलीत तीच नाकात जाते व शिंका, सर्दी, खोकला सुरू होतो. गोधड्या महिन्यातून एकदा धुऊन कडक उन्हात घालाव्यात. पावसाळ्यात कुबट वास येऊ लागला तर ती गोधडी काढूनच टाकावी. साधा फोम आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चटकन पेट घेतात. त्यांच्याजवळ उघड्या वायरी किंवा गरम होणारा दिवा नको. ट्रेंनी आवाजही फारसा अडत नाही. बंद खोलीत डासांची अगरबत्ती किंवा धूप कधीही लावू नये. तो धूर सरळ स्वरतंतूंवर जातो.

माईक तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. माईक हे यंत्र मोठा आवाज काढण्याचे कष्ट वाचवण्यासाठीच आहे. तरीही अनेकजण सभेत बोलावे तसे माईकसमोर बोलतात. समोर बसलेल्या एका माणसाशी बोलावे एवढाच आवाज पुरे. वाचायचा मजकूर डोळ्यांच्या पातळीवर असावा. मान खाली घालून वाचल्यास गळा दबतो.

श्वास आणि पूर्वतयारी

आवाजाची ताकद गळ्यात नसून श्वासात आहे. याचे मोठे उदाहरण कुमार गंधर्वांचे. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेल्या या गायकाला ऐन तारुण्यात, १९४७-४८ च्या सुमारास, क्षयाने गाठले. देवासला काही वर्षे गाणे पूर्ण बंद ठेवावे लागले. स्ट्रेप्टोमायसिनमुळे जीव वाचला, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत उतरले आणि पुढे जवळजवळ चार दशके गायले. जेवढा श्वास आहे तेवढ्यात नेमके बसणारे, छोटे पण जोरकस स्वरवाक्य त्यांनी साधले, असे जाणकार सांगतात. आवाजाच्या कामात विश्रांतीची लाज बाळगू नये आणि श्वासाच्या पलीकडे वाक्य ओढू नये, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

लांब वाक्य आले की पेन्सिलीने श्वासाच्या जागा आधीच खुणा करून ठेवाव्यात. श्वास घेताना खांदे वर जात असतील तर तो उथळ आहे असे समजावे. पोटावर हात ठेवून पाहावे. श्वास घेताना हात पुढे यायला हवा.

काम सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटांची तयारी पुरते. ओठ मिटून हलकेच गुणगुणावे. मग लहान मुले गाडी-गाडी खेळताना ओठ फडफडवून ‘ब्रर्र’ करतात तसे करावे. शेवटी अर्ध्या पेल्यात पाणी घेऊन, नळी दोन बोटे बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढावेत. ऐकायला हा पोरखेळ वाटेल, पण वाचा-उपचार तज्ज्ञ हेच व्यायाम शिकवतात, कारण त्यात स्वरतंतू कमीत कमी आदळून थरथरतात. काम संपल्यावरही हेच दोन मिनिटे करावे.

खाणे, पिणे आणि औषधे

स्वरतंतूंवर पातळ ओलावा लागतो. तो दिवसभर प्यायलेल्या पाण्यातून येतो; माईकसमोर बसल्यावर गटागटा प्यायलेल्या पाण्यातून नव्हे. लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी थोडे थोडे करून प्यावे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सतत घसा खाकरण्याची सवय वाईट. एकेका खाकरण्यात स्वरतंतू जोराने आपटतात. त्याऐवजी एक घोट पाणी घ्यावे किंवा नुसता आवंढा गिळावा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला बरे वाटते, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. साध्या पाण्याची वाफ घेण्यास हरकत नाही. मात्र भाजण्याचे प्रकार फार होतात, म्हणून उकळते भांडे मांडीवर किंवा मुलांच्या हाताशी नको. ज्येष्ठमधाने घसा निवतो, पण ते रोज आणि भरपूर खाल्ल्यास रक्तदाब वाढू शकतो. मिंटच्या तीव्र गोळ्यांनी घसा बधिर होतो व थकवा कळत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी तो बंद करू नये. प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून गुळण्या कराव्यात.

रात्री उशिरा काम करणाऱ्यांत आम्लपित्ताचा त्रास फार. उशिरा जेवून लगेच आडवे झाल्यास पोटातील आम्ल घशापर्यंत चढते. छातीत जळजळ नसतानाही सकाळी आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखे, अशी तक्रार असते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री यांबद्दल वेगळे सांगायला नको. आवाजावर पोट असणाऱ्याने त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

कान विसरू नका

हे काम अर्धे गळ्याचे तर अर्धे कानांचे आहे. ध्वनिमुद्रण ऐकून दुरुस्त्या करताना तासन्‌तास हेडफोन कानावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. आवाज जितका वाढेल तितका हा अवधी झपाट्याने घटतो. काम संपल्यावर कानात गुणगुण ऐकू आली, तर आवाज जास्त होता असे समजावे. वर्षातून एकदा श्रवण-तपासणी करून घ्यावी.

काम घेताना तारखेचा हिशेब

व्यवसाय उभा राहतो तो दिलेल्या तारखेला काम पुरे करण्याने, हे खरे आहे. म्हणूनच तारीख कबूल करण्यापूर्वी गळ्याला विचारावे. माझा सल्ला असा : पहिले तीन महिने माईकसमोरचे बोलणे दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, तेही वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. नऊ तासांचे पुस्तक असेल, तर माईकसमोरचे पंचवीस तास, म्हणजे सुट्ट्या धरून किमान पंधरा दिवस. त्यात सर्दी-पडशासाठी चार-पाच दिवस वाढवून तीन आठवड्यांची मुदत मागावी. फेरध्वनिमुद्रण किती वेळा करून मिळेल, हेही आधीच ठरवावे. तो फुकटचा वेळ नाही, गळ्याचाच आहे. शिकवणी, सूत्रसंचालन, भजनी मंडळ असे दुसरे बोलण्याचे काम ज्या दिवशी असेल, त्या दिवशी ध्वनिमुद्रण कमी करावे.

ओरडणे, राक्षसी हसणे, गुरगुरणे अशा आवाजांची कामे सर्वांत घातक. ती दिवसाच्या शेवटी, थोडा वेळच करावीत. अमेरिकेत २०१६ साली व्हिडिओ गेमना आवाज देणाऱ्या कलाकारांनी संप केला, तेव्हा गळ्यावर ताण आणणारे काम एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त नसावे, ही त्यांची एक मागणी होती. तेथे संघटना भांडते. आपल्या घरात आपणच आपली संघटना.

डॉक्टरांकडे कधी जावे

सर्दीबरोबर बसलेला आवाज एक-दोन आठवड्यांत सुधारतो. तीन आठवड्यांहून अधिक घोगरेपणा राहिला, तर स्वरतंतू दुर्बिणीतून पाहून घ्यावेतच. तपासणी काही मिनिटांची असते व बाह्यरुग्ण विभागात होते. मध्यम वयानंतर, आणि विशेषतः तंबाखूचे व्यसन असल्यास, हा नियम अजिबात मोडू नये. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण अनेकदा नुसता घोगरेपणा असतो आणि त्या टप्प्यावर बहुतेकांचा रोग बरा होऊ शकतो. क्षय आणि थायरॉइडच्या विकारातही आवाज बदलतो.

काही वेळा एक दिवसही थांबू नये. ओरडताना एकदम आवाज गेला, थुंकीत रक्त आले, गिळताना त्रास होऊ लागला किंवा मानेत गाठ लागली, तर लगेच दाखवावे. श्वासाला अडथळा झाला तर तडक रुग्णालयच गाठावे. एकदम आवाज गेल्यास स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी पूर्ण मौन पाळावे आणि मनाने ॲस्पिरिन घेऊ नये. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेले ॲस्पिरिन मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

पनवेलकरांना कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग जवळ आहे. मुंबईत नायर रुग्णालयात, तसेच १९८३ साली स्थापन झालेल्या वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा-उपचार मिळतात. नोड्यूल निघाले तरी घाबरू नये. पहिला उपचार वाचा-उपचारांचा. शस्त्रक्रियेचा विचार नंतर. ‘साउंड ऑफ म्युझिक’ची नायिका ज्युली अँड्र्यूज हिने १९९७ मध्ये स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून घेतल्यावर तिचा गाण्याचा आवाज पूर्वीसारखा परतला नाही. शस्त्रक्रियेने अनेकांना गुणही येतो, पण स्वरतंतूंच्या बाबतीत घाई नको.

शेवटी एक साधा उपाय. घरच्या स्टुडिओच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे :

१. पाच मिनिटे तयारी केल्याशिवाय माईक सुरू नाही.
२. पंचवीस मिनिटे झाली की दार उघडायचे.
३. आवाज जड झाला की त्या दिवशीचे काम बंद.
४. सर्दी-तापात ध्वनिमुद्रण नाही. काम देणाऱ्याला त्याच दिवशी कळवायचे.
५. तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर डॉक्टर.

माईक बिघडला तर दुसरा विकत मिळतो. स्वरतंतूंची जोडी मात्र जन्माला एकच.